जी दुरुस्त होत नाही, ती वस्तू कोणी केली?

वाचकांचे प्रश्न, रेडिओ मेकॅनिकची उत्तरं

प्रश्न: काकाजी, आमच्या वावरातल्या मोटरपंपाचा ऑटो, म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप सुरू करणारी पेटी, मागच्या आठवड्यात बंद पडला. हरभऱ्याचं ओलीत सुरू आहे आणि थ्री फेज लाईन रात्रीच येते, त्यामुळे बाबांना दोन रात्री धुऱ्यावर जागून हाताने मोटर सुरू करावी लागली. मेकॅनिकने बोर्ड उघडून एका काळ्या तुकड्याकडे बोट दाखवलं. म्हणाला, "आयसी गेली. हिची दुरुस्ती होत नाही, नवी टाकावी लागते." जिची दुरुस्तीच होत नाही अशी वस्तू कोणी केली आणि कशासाठी?
— अकरावीची विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर: बेटा, हाच प्रश्न मला चाळीस वर्षांपूर्वी पडला होता. तोवर माझ्या दुकानात वॉल्व्हचे किंवा सुट्या ट्रान्झिस्टरचे रेडिओ यायचे. बिघाड शोधायचा, तेवढा भाग काढायचा, दुसरा लावायचा. मग टेपरेकॉर्डर आले आणि त्यांच्यासोबत टीबीए ८१० आली, दोन्ही बाजूंना पत्र्याचे कान असलेली आयसी. आयसी म्हणजे इंटिग्रेटेड सर्किट, एकाच तुकड्यात सगळे भाग घडवलेलं सर्किट. ती गेली की आत हात घालायला जागाच नाही. मला तिचा राग यायचा. पुढे ज्याने ही वस्तू पहिल्यांदा केली त्या माणसाबद्दल वाचलं आणि राग गेला, कारण तो माणूस कधीकाळी माझ्याच धंद्यात होता.

त्यांचं नाव जॅक किल्बी. जन्म १९२३ चा. वाढले अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, ग्रेट बेंड या लहान गावी. तो गव्हाचा मुलूख. वडील वीज कंपनी चालवायचे, गिऱ्हाइकं दूरदूरच्या वस्त्यांवर पसरलेली. किल्बी शाळेत असताना एका बर्फाच्या वादळाने विजेच्या आणि टेलिफोनच्या तारा तोडल्या. वडिलांनी घरच्या बिनतारी संचावरून आपसात बोलणाऱ्या हौशी रेडिओवाल्यांना हाताशी धरलं आणि त्यांच्यामार्फत गिऱ्हाइकांची खबर घेतली. तारा जमिनीवर पडलेल्या आणि आवाज मात्र पोचतो आहे, हे त्या पोराने पाहिलं, तिथून त्याचा रस्ता ठरला. वादळात खांब पडल्यावर चार-चार दिवस अंधारात काढणाऱ्या आपल्या लोकांना त्याचं मोल समजावून सांगायची गरज नाही.

एमआयटी या अमेरिकेतल्या नामांकित तांत्रिक संस्थेच्या प्रवेश परीक्षेत ५०० गुण लागत होते, त्यांना ४९७ पडले. मग इलिनॉय विद्यापीठात गेले आणि काही महिन्यांतच अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली. सैन्याने त्यांना आपल्या भारतात पाठवलं. ईशान्येकडच्या एका चहाच्या मळ्यावर छावणी होती, तिथल्या रेडिओ दुरुस्तीच्या वर्कशॉपात. हे वाचलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून बायकोला हाक मारली होती.

दुरुस्ती करणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते. भाग क्वचित मरतो, सांधा मरतो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी रेडिओंत भाग सगळे शाबूत असायचे, कुठेतरी एक सोल्डर सुटलेलं असायचं. पावसाळ्यात तर फारच. रेडिओत सांधे थोडे, म्हणून निभायचं. आता १९६० च्या सुमाराचा सीडीसी १६०४ हा कॉम्प्युटर घे. त्यात २५ हजार ट्रान्झिस्टर आणि एक लाख डायोड होते. ट्रान्झिस्टरला तीन पाय, डायोडला दोन. एवढेच धरले तरी पावणेतीन लाख पाय झाले, आणि प्रत्येक पायाला एक सांधा. वीज अडवणारे रेझिस्टर, वीज साठवणारे कपॅसिटर अजून मोजलेच नाहीत. याहून मोठी यंत्रं कागदावर मांडता येत होती, पण इतके सांधे हाताने जोडून ती भरवशाने चालवायची कशी, इथे सगळा धंदा अडला होता.

किल्बी मे १९५८ मध्ये डॅलसच्या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत लागले. जुलैत जवळजवळ सगळा कारखाना सुटीवर गेला. हे नवे, यांची सुटी अजून साठलेली नव्हती, म्हणून रिकाम्या लॅबमध्ये एकटे राहिले. तिथे त्यांनी आधी हिशेब मांडला, आणि मला त्यांची हीच गोष्ट सगळ्यात आवडते. आपल्या कंपनीला परवडेल असं आणि उत्तम करता येईल असं काय आहे? सेमीकंडक्टर, म्हणजे ट्रान्झिस्टर ज्यांचे करतात ते जर्मेनियम, सिलिकॉनसारखे पदार्थ. मग रेझिस्टर आणि कपॅसिटरही त्यांचेच का करू नयेत? कार्बनचा रेझिस्टर कवडीमोलाने मिळत असताना तो महागड्या जर्मेनियमचा करायचा, आणि वर तो गुणाने कमीच भरणार! पण सगळे भाग एकाच पदार्थाचे झाले तर एकाच तुकड्यात घडवता येतात. ठिगळं जोडून गोधडी शिवण्यापेक्षा सलग चादरच विणायची. सुटा भाग थोडा कमअस्सल चालेल, सांधे गेले पाहिजेत.

२४ जुलैला त्यांनी हे वहीत लिहून काढलं. साहेबांनी, विलिस ॲडकॉक यांनी, आधी पुरावा मागितला. १२ सप्टेंबर १९५८ ला काचपट्टीवर चिकटवलेला जर्मेनियमचा एक तुकडा अधिकाऱ्यांसमोर ठेवला गेला. लांबी अर्धा इंचसुद्धा नाही. किल्बींनी बटण दाबलं आणि विजेची लाट दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर लाट उमटली, म्हणजे तुकडा चालला.

आयसीची दुरुस्ती होत नाही ती यामुळे, बेटा. जिथे आम्ही दुरुस्ती करायचो ती जागाच त्यांनी काढून टाकली.

आता बाबांसाठी. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच ऑटोंत एलएम ३२४ ही चौदा पायांची आयसी निघाली, तुमच्यातही असू शकेल. ती महाग नाही. मेकॅनिकला म्हणावं, थेट बोर्डावर सोल्डर करू नका, खाली चौदा पायांचा बेस, म्हणजे आयसी खोचायची खोबण, लावा. मग पुढच्या वेळी कोणालाही बदलता येईल: आधी मेन स्विच पाडायचा, आणि आयसीच्या टोकाची खाच बेसच्या खाचेशी जुळवून बसवायची. उलटी बसली तर नवीही जाईल.

प्रश्न: भाऊ, एका पुस्तकात आयसीचे जनक म्हणून रॉबर्ट नॉईस यांचं नाव आहे, दुसऱ्यात किल्बींचं. वर्गात कोणाचं सांगू?
— एक शिक्षक, ता. चांदूर रेल्वे, जि. अमरावती

उत्तर: सर, दोघांचं सांगा. किल्बींच्या पहिल्या तुकड्यावर सोन्याच्या बारीक तारा हातानेच जोडलेल्या होत्या, म्हणजे थोडे सांधे उरलेच होते. ते फेअरचाइल्ड कंपनीच्या नॉईस यांनी १९५९ मध्ये घालवले. त्यांच्याच कंपनीतल्या जाँ होर्नी यांनी सिलिकॉनवर ऑक्साइडचा, म्हणजे वीज न जाऊ देणारा, थर राखायची रीत काढली होती. नॉईस यांनी त्या थरावर ॲल्युमिनियमच्या रेघा उमटवून जोडणीही तुकड्यातच केली. आजची आयसी त्याच वळणाची आहे. पेटंटवरून बरीच वर्षं भांडण चाललं. १९६६ मध्ये कंपन्यांनी आपसात समझोता केला, १९६९ मध्ये न्यायालयाने नॉईस यांच्या बाजूने निकाल दिला.

नॉईस १९९० मध्ये गेले. किल्बींना भौतिकशास्त्राचं नोबेल २००० मध्ये मिळालं, आणि हे पारितोषिक मरणोत्तर देत नाहीत. नॉईस आज असते तर हा मान आम्हा दोघांत वाटला गेला असता, असं किल्बींनी आपल्या नोबेल व्याख्यानातच सांगितलं.