पद्मिनी घाटात का बंद पडते?

प्रश्न : काका, नमस्कार. आमच्याकडे वडिलांची 1984 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ते गेल्यावर गाडी विकायची नाही असं मी आणि भावाने ठरवलं. गेल्या दिवाळीत एका मेकॅनिकने ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे जुने भाग, म्हणजे पॉइंट आणि कंडेन्सर, काढून त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट बसवला आणि ठिणगीचं व्होल्टेज तयार करणारी कॉइलही नवी घातली. सकाळी गाडी एका सेल्फला सुरू होते. पण पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी चढायला लागलं की मिस मारते आणि बंद पडते. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. मेकॅनिक म्हणाला, पेट्रोल उकळतंय, पंपावर ओलं फडकं ठेवा. तसं केल्यावर सुरू झालीही. मग कार्बोरेटर साफ केला, पंप बदलला, तरी तेच. त्यानंतर एकदा वाईला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. मुलं गाडीतच गाणी ऐकत बसली होती. आम्ही परत आलो तर गाडी सुरूच होईना. किट जळला म्हणून दुसरा घातला. आता तिसरा घाला म्हणतात. बॉनेटखालचे फोटो पाठवते आहे. पॉइंट परत बसवू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, तिसरा किट घेऊ नका. पैसे जवळ ठेवा आणि आधी एक मल्टिमीटर आणा.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि तिसऱ्या फोटोवर थांबलो. नव्या कॉइलच्या पत्र्यावर बारीक अक्षरात छापलंय की ही कॉइल बाहेरच्या रेझिस्टरसोबतच वापरायची. करंट आवरणारा तो रेझिस्टर, ज्याला आम्ही बॅलास्ट म्हणतो, पांढऱ्या चिनीमातीच्या कांडीसारखा दिसतो. तुमच्या एकाही फोटोत तो नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कॉइलच्या प्लसवर तीन वायरी एकत्र पिळल्या आहेत. एक चावीकडून येणारी, एक किटची लाल आणि तिसरी पिवळी, जी डॅशबोर्डकडे जाते. ती तुमच्या स्टीरिओची. म्हणजे गाणी ऐकायची तर चावी ऑन हवी, आणि चावी ऑन म्हणजे कॉइलला करंट चालू.

आता वाईचा दिवस आठवा. ज्या कॉइलला बॅलास्ट लागतो तिचा आतला रेझिस्टन्स साधारण दीड ओहम असतो, आणि बॅलास्टशिवाय थेट चालणारीचा तीन. इंजिन बंद असताना बॅटरी साडेबारा व्होल्टची धरली तर तीन ओहमच्या कॉइलमधून चार अँपिअरच्या आसपास करंट जातो, दीड ओहमच्या कॉइलमधून आठच्या वर. म्हणजे मुठीएवढ्या बंद डब्यात 100 वॅट उष्णता, तीही गाडी उभी असताना, पंख्याचा वारा नसताना. इंजिन बंद असताना काही किट स्वतःहून करंट तोडतात, पण साधे किट तोडत नाहीत. तुमचा दर्शन होईपर्यंत भाजत राहिला. किटच खराब निघाला असं मला वाटत नाही, त्याला जोडलं चुकीचं.

घाटातही तेच होतं, फक्त हळू. तासभर चाललेलं गरम इंजिन, चढ, खालचा गिअर, त्यात मर्यादेबाहेर करंट ओढणारी कॉइल. ती तापली की ठिणगी कमजोर होते, गाडी मिस मारते. अर्ध्या तासात कॉइल थंड होते आणि गाडी सुरू होते. फडकं तुम्ही पंपावर ठेवलंत, पण गुण आला तो थांबल्यामुळे. पेट्रोल उकळणं हा आजार खोटा नाही. मे महिन्यात घाटात पंपावर ओली फडकी बांधलेल्या पद्मिनी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. पण तुमची गाडी डिसेंबरातही बंद पडली, असं तुम्हीच फोटोमागे लिहिलंय.

पुन्हा बंद पडली तर अंदाजावर राहू नका. डिकीत एक जादा स्पार्क प्लग ठेवा. एका सिलिंडरची प्लग वायर काढून या प्लगला लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाला नीट टेकवून ठेवा, कार्बोरेटरपासून लांब, आणि भावाला सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका आणि वायर नुसती लोंबकळत ठेवून सेल्फ मारू नका. ठिणगीला वाट मिळाली नाही की किटच मरू शकतो. निळी, टक्‌टक्‌ वाजणारी ठिणगी दिसली तर दोष पेट्रोलकडे. मग चावी बंद करा, एअर क्लीनर उघडा आणि अ‍ॅक्सिलरेटरची दांडी हाताने ओढून कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोलची पिचकारी येते का बघा. ठिणगी पिवळट, मरतुकडी किंवा नसलीच, तर ओलं फडकं पंपावर नको, कॉइलच्या पत्र्याभोवती गुंडाळा, वरचं काळं टोपण कोरडं ठेवून. पाच-सात मिनिटांत गाडी सुरू झाली की कॉइलवरचा संशय पक्का.

घरी मात्र आधी मोजा. चावी बंद करा, कॉइलच्या प्लस-मायनसवरच्या दोन्ही बाजूंच्या बारीक वायरी काढा आणि मीटर 200 ओहमवर ठेवा. आधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून जो आकडा येतो तो वजा करायचा, नाहीतर इतक्या लहान मापात फसगत होते. उरलेला आकडा दीडच्या जवळ आला तर माझं म्हणणं खरं. मग दोन वाटा आहेत. तीन ओहमची कॉइल घ्या, म्हणजे बॅलास्टचा प्रश्नच मिटला. मी असतो तर हेच केलं असतं. किंवा आहे त्या कॉइलला बॅलास्ट घाला, पण मग किटची लाल वायर कॉइलच्या प्लसवर राहता कामा नये. बॅलास्टनंतर व्होल्टेज पडतं आणि किट उपाशी राहतो. लाल वायर बॅलास्टच्या अलीकडे, चावीच्या बाजूला. कॉइल तेवढी बॅलास्टमधून. किटसोबतच्या कागदावर कमीत कमी किती ओहमची कॉइल चालेल ते दिलेलं असतं. तो कागद मेकॅनिककडून मागून घ्या.

स्टीरिओची पिवळी वायर कॉइलवरून काढून वेगळ्या फ्यूजवरून द्या, म्हणजे गाण्यांसाठी इग्निशन ऑन करावं लागणार नाही. ही गोष्ट आजच करा, बाकीचं आठवड्याने झालं तरी चालेल.

आता त्या पिळलेल्या जोडाबद्दल. मुंबईत कुर्ल्याला मी टॅक्सींची वायरिंग करायचो. पद्मिनी बनायची कुर्ल्यालाच, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सी आमच्या दारात रांगेने उभ्या असायच्या. एका टॅक्सीचा कॉइलजवळचा जोड मी ब्लेडने उघडला होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे. टेपचा डिंक उष्णतेने पाघळून काळा चिकट झालेला, त्याखाली तांबं हिरवं पडलेलं, आणि हिरव्याखाली अख्ख्या वायरीतल्या दोनच तारा शाबूत. त्या दोन तारांवर ती टॅक्सी दिवसभर धावत होती आणि संध्याकाळी बंद पडत होती. त्याआधी त्या माणसाने दोन कॉइली बदलल्या होत्या. तुमच्या फोटोतल्या टेपच्या कडेलाही तसाच काळा ओघळ आहे. जोड उघडा, हिरवं तांबं कापून टाका, प्रत्येक वायरीला योग्य मापाचा लग, म्हणजे धातूचं टोक, पक्कडीने दाबून बसवा आणि वर स्लीव्ह चढवा. सोल्डर केलात तर वायर पुढे बांधून घ्या, कारण सोल्डर संपतो तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने तिथेच तुटते.

चाळीस वर्षांच्या चावीवर एवढा भार टाकू नये, असं माझं मत आहे. चार पिनांचा साधा रिले घाला, म्हणजे चावीच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच. पिनांवर आकडे असतात: 30 वर बॅटरीकडून फ्यूज घेऊन जाड वायर, 87 वरून कॉइल आणि किट, 86 वर चावीकडून येणारी जुनी वायर, 85 बॉडीला. चावी मग फक्त रिले ओढते.

शेवटी अर्थिंग, म्हणजे इंजिन आणि बॉडीतून बॅटरीच्या वजा खुंटीकडे परतणारी करंटची वाट. गाडी चालू, हेडलाइट चालू, मीटर डीसी 20 व्होल्टवर. एक पिन डिस्ट्रीब्यूटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) अंगाला, दुसरी बॅटरीच्या वजा खुंटीला, क्लिपला नव्हे. 0.2 व्होल्टच्या वर आकडा आला तर कुठेतरी गंज किंवा ग्रीस आडवं आलंय. इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी, या दोन्ही पट्ट्या घासून स्वच्छ करा.

आणि पॉइंट? परत बसवायची गरज नाही, पण जुना सेट आणि कंडेन्सर पुसून डब्यात घालून गाडीतच ठेवा. किट रस्त्यात गेला तर कुठलाही जुना मेकॅनिक अर्ध्या तासात तुम्हाला घरी पाठवेल. मीटरवर किती ओहम आले ते मला जरूर कळवा.

प्रश्न : माझ्या गाडीला किट बसवल्यापासून सेल्फ फिरत असतो तोवर ती पकडत नाही, चावी सोडली की त्याच क्षणी पकडते.
— एक वाचक, पुणे

उत्तर : किटची वायर चावीच्या अ‍ॅक्सेसरी पिनवर लावली आहे. सेल्फ मारताना ती पिन बंद होते, म्हणून चावी मागे येईपर्यंत ठिणगीच नसते. टेस्ट लॅम्प लावून बघा. ऑनला आणि सेल्फ मारतानाही जी पिन पेटती राहते, तिच्यावर वायर न्या.

प्रश्न : मॉरिस मायनर, 1952. हाच किट चालेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी बॅटरीची कुठली खुंटी बॉडीला आहे ते बघा. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांत बॅटरीचा अधिक बॉडीला जोडलेला असे. बाजारातले बहुतेक किट वजा बॉडीला असलेल्या गाडीसाठी असतात आणि उलटे जोडले तर चावी फिरवताच जळतात. पॉझिटिव्ह अर्थचा किट वेगळा मिळतो, तोच मागवा. गाडी आधीच कोणी निगेटिव्ह करून ठेवली असेल तर कॉइलच्या दोन बारीक वायरी अदलाबदल केल्या आहेत का तेही तपासा. नसतील तर गाडी चालते, पण ठिणगी कमजोर राहते.