राक्षसाचा वीस आणि पहिल्या पातळीचा जादूगार

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा कथाखेळ पहिल्यांदाच चालवणार आहात, म्हणून राक्षसांच्या क्रिटिकल हिटविषयी, म्हणजे जादा इजा करणाऱ्या वाराविषयी, आधीच लिहितो. त्याच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत हल्ल्याच्या वीस बाजूंच्या फाशावर नैसर्गिक वीस, म्हणजे काहीही न मिळवता वीसच, पडला की इजेचे फासे दुप्पट होतात, वरची बेरीज मात्र एकदाच धरतात. ऑर्क या राक्षसाच्या मोठ्या कुऱ्हाडीची इजा एक बारा बाजूंचा फासा अधिक तीन. क्रिटिकलला ती सरासरी १६ होते, आणि ८ प्राणांक असलेला जादूगार १६ इजेने बेशुद्धही पडत नाही, जागीच मरतो.

दांडिया बाजारातल्या आमच्या रविवारच्या बैठकीत असे पहिल्याच फेरीत घडले. शेव-उसळीच्या बशा अजून भरलेल्याच होत्या, आणि जादूगार खेळणाऱ्या मुलाने पेन्सिल गुपचूप कंपासपेटीत ठेवली.

एका हल्ल्याला ही शक्यता पाचच टक्के असली, तरी गॉब्लिन नावाचे सहा छोटे राक्षस एकेकदा वार करतात तेव्हा फेरीत किमान एक वीस पडण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. म्हणून सुरुवातीला संख्या आवरा किंवा गॉब्लिनच ठेवा, कारण त्यांच्या क्रिटिकलची सरासरी ९ वर थांबते. खेळ चालवणाऱ्याने पडद्याआड फासा लपवून आकडा बदलणे मला पटत नाही. खेळाडूंना ते कळतेच. त्यापेक्षा तिसऱ्या पातळीपर्यंत राक्षसाच्या क्रिटिकलला जादा फाशांऐवजी खेळाडू आडवा पडेल किंवा त्याची ढाल उडेल, असे सर्वांसमक्ष आधीच ठरवा. खेळाडूंचे क्रिटिकल मात्र आहेत तसेच राहू द्या.