महिंद्रा एक्सयूव्ही७०० ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद मिळणारी) खाली करून २० इंची चाकं लावावीत का?

चाकं बदलता येतील, पण गाडी खाली करायच्या, म्हणजे स्प्रिंग बदलून तिची उंची कमी करायच्या, मी विरोधात आहे.

आधी चाकं. कंपनीचा टायर २३५/६० आर१८ (रुंदी मिमीमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) असेल, तर बाहेरचा व्यास साधारण ७३९ मिमी येतो. २० इंचात २५५/४५ घेतला तर ७३७ मिमी, म्हणजे स्पीडोमीटर जवळपास तोच दाखवेल. मात्र टायरची भिंत १४१ वरून ११५ मिमीवर येते. पावसाळ्यातल्या खड्ड्यात त्या कमी झालेल्या २६ मिमीची किंमत कळते: रिम वाकते, नाहीतर टायरला फुगा येतो. १९ इंच पुरे, असं माझं मत. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको.

ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये चारही टायर एकाच मापाचे, एकाच मॉडेलचे आणि सारख्याच झिजेचे हवेत. पुढचे दोनच नवे टाकले की पुढची-मागची चाकं कायम वेगळ्या गतीने फिरतात आणि पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ताकद वाटणारा मधला कपलिंग उगाच तापत राहतो. ती दुरुस्ती टायरपेक्षा महाग.

तरीही खाली करायचीच असेल, तर २५-३० मिमीपर्यंत, तेही त्या गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंगनेच. स्प्रिंग कापून देतो म्हणणाऱ्या गॅरेजमधून सरळ बाहेर पडा. गाडी खाली बसली की ड्राइव्ह शाफ्टचे (चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्यांचे) कोन आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलतात. त्यामुळे चाकांचं अलाइनमेंट लगेच करा, अडास (ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) असेल तर कॅमेरा-रडारचं कॅलिब्रेशनही.

आणि हो, वॉरंटी आणि विम्याचं आधी लेखी विचारून घ्या.