प्रोटेस्टंट राणीच्या पदरी कॅथलिक संगीतकार

प्रश्न : इंग्लिश संगीतकार विल्यम बर्ड कॅथलिक असूनही राणी पहिल्या एलिझाबेथच्या सेवेत कसे टिकले? त्यांचे संगीत कोठून ऐकायला सुरुवात करावी?

उत्तर : टिकले ते मुख्यतः गुणवत्तेच्या बळावर. १५७२ मध्ये ते राजदरबारच्या चॅपल रॉयलमध्ये, म्हणजे राणीच्या उपासनेत गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या पथकात, दाखल झाले आणि १५७५ मध्ये राणीने त्यांना व ज्येष्ठ रचनाकार टॉमस टॅलिस यांना संगीत छापण्याचा २१ वर्षांचा एकाधिकार दिला. राणीला संगीताची खरी आवड होती आणि दरबारातील वजनदार मंडळींचा बर्ड यांना आधार होता. तरीही प्रोटेस्टंट उपासनेला गैरहजर राहिल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई होतच राहिली.

याच काळात, १५९० नंतरच्या काही वर्षांत, त्यांनी तीन, चार आणि पाच आवाजांसाठी लॅटिन 'मास' (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत गायचे संगीत) रचले. मासची उपासना कायद्याने निषिद्ध असल्यामुळे ही पुस्तके शीर्षकपृष्ठाविना छापली गेली आणि श्रीमंत कॅथलिकांच्या घरी चोरून होणाऱ्या प्रार्थनांमध्ये मोजके गायक ती गात.

सुरुवात चार आवाजांच्या मासमधील शेवटच्या 'आन्यूस देई'पासूनच ('देवाच्या कोकरा', ही तीनदा केली जाणारी विनवणी) करावी, असे मी आग्रहाने सांगेन. पहिली विनवणी दोन आवाज करतात, दुसरी तीन, आणि तिसऱ्या वेळी चारही आवाज एकत्र येऊन शांती मागतात. तेथे एक स्वर रेंगाळतो, शेजारच्या स्वराला टोचतो आणि मग हळूच खाली उतरतो. भीतीच्या छायेत जगणाऱ्यांची आर्तता इतक्या संयमाने क्वचितच कोणी मांडली असेल. त्यानंतर १६०५ आणि १६०७ चे 'ग्रादुआलिया' हे कॅथलिक उपासनेसाठीच्या त्यांच्या लॅटिन रचनांचे संग्रह ऐकावेत.