काटेच गाजले, कणगी कोणी पायली नाही

प्रश्न : भाऊ नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. पोरगी बारावी सायन्सले आहे, तिनं मोबाइलवर कोरोनाचं चित्र दाखवलं, त्यात काट्यांच्या मधात बारीक दाणे होते आन त्याले ‘एम प्रोटीन’ लिहेल होतं. लॉकडाऊनमधी टीव्हीवाले निरा स्पाइक स्पाइक करत होते, याचं तं नावही आयकलं नाही. मंग हे तिथं काहून बसलं आहे?

उत्तर : पोरीचं ध्यान बरोबर जागी गेलं. एम म्हणजे मेम्ब्रेन, आणि विषाणूच्या वेष्टनात सगळ्यात जास्त भरणा याचाच असते. काट्याचं, म्हणजे स्पाइकचं, काम आपल्या पेशीवरच्या एसीई-२ नावाच्या प्रोटीनला धरून आत घुसायचं. पण तो गोळा बांधते कोण?

तुमच्या घरची जुनी कणगी आठवा, आत बांबूच्या कमच्यांची वीण आन वरून शेणामातीचा लेप. इथं लेप म्हणजे चरबीचा पापुद्रा, आणि तो विषाणूचा स्वतःचा नसतेच, आपल्याच पेशीतून उचललेला असते (फुकटचा माल!). वीण म्हणजे एम प्रोटीन, ते त्या पापुद्र्यातून तीन वेळा आरपार जाते, जोडीजोडीनं बसते, अशा जोड्या एका जागी दाटल्या की पापुद्रा वाकून फुगा येते. एमचं लांब शेपूट आतल्या बाजूला, ते एन प्रोटीनला धरते, आणि एननं जवळपास ३० हजार अक्षरांचा आरएनए (विषाणूचा नकाशा) गुंडाळून ठेवलेला असते, म्हणजे कणगीतलं धान्य. काटेही एमच ओढून बसवते. सोबतीला ई नावाचं ७५ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रोटीन असते, संख्येनं थोडंसं, पण फुगा तोडून वेगळा करायला त्याची मदत होते. काही कोरोनाविषाणूंचे निव्वळ एम आणि ई प्रयोगशाळेत पेशीमधी बनवले तरी रिकामे गोळे तयार झाले, आत धान्य काहीच नाही.

हे सारं पेशीच्या आतच चालते, प्रोटीन बनवणारा ईआर आणि ते पुढं पाठवणारी गॉल्जी, या पेशीतल्या दोन भागांच्या मधात. तयार गोळा साधारण १०० नॅनोमीटरचा, एका मिलिमीटरात दहा हजार रांगेनं बसतील. साबणानं लेपच विरघळते, मग वीण काय धरून राहील?

आता लसीत एम काहून नाही म्हणाल, तर त्याचा बाहेर निघालेला तुकडा एवढुसा, आणि पेशीला धरायचं काम काट्याचं, तोच अडवला की विषाणू दारातच थांबते. म्हणून कोविशील्डमधी फक्त स्पाइकचा नकाशा होता. कोव्हॅक्सिनमधी मात्र अख्खा मारलेला विषाणू, म्हणजे एमही आलंच. तुम्ही कोणती घेतली ते सर्टिफिकेटवर पाहून पोरीला सांगा.