महिलांना दिलेल्या छोट्या कर्जांमुळे घरातली मारहाण कमी होते की वाढते?

प्रकल्पासाठी माहिती हवी आहे आणि "कमी होते की वाढते एवढंच सांगा" असं तुम्ही लिहिलंय. तसं सांगता येत नाही. पैसा तिच्या हातात राहिला आणि पाठीशी चार बायका असल्या तर कमी होते. नाव तिचं, पैसा नवऱ्याचा आणि हप्ता तिच्या डोक्यावर असेल तर वाढते. मी बार्शी तालुक्यातल्या एका बचतगटाची सचिव आहे आणि हे माझ्या घरात घडलंय, म्हणून लिहिते.

माझ्या धाकट्या जावेनं एका मायक्रोफायनान्सचं 40,000 रुपयांचं कर्ज काढलं. कागदावर शेळीपालन. ती अंगठा लावून पैसे काढत होती तेव्हा भावजी बाहेर गाडी चालू ठेवून उभे होते. नोटा त्यांनी गाडीवर बसूनच मोजल्या आणि तिथनंच बोअरवाल्याकडे गेले. चारशे फुटांच्या खाली गेले तरी नुसता फुफाटा. दारात एक करडूसुद्धा आलं नाही.

हप्ता दर पंधरा दिवसांनी, हजाराच्या आसपास. वसुलीचे साहेब सकाळी यायचे, कर्ज घेतलेल्या सगळ्या बायकांना एकत्र बसवायचे आणि सगळ्यांचे पैसे जमा होईपर्यंत कुणी उठायचं नाही. एकीचे कमी पडले तर बाकीच्यांनी भरायचे. सुरुवातीचे हप्ते जावेनं खुरपणीच्या रोजातनं भरले. पुढं पावसानं ओढ दिली, कामं थांबली. मग ती हप्त्याच्या आदल्या रात्री भावजींकडं पैसे मागायची आणि त्याच रात्री मार खायची. सकाळी मीटिंगमध्ये बायका बोलणार, "घेताना बरं गोड लागलं." घरी मार आणि बाहेर बोलणी. त्या बायकांनाही मी फार दोष देत नाही, तिचा हप्ता त्यांच्या पोरांच्या तोंडातनं जात होता.

जाऊ आमच्या बचतगटातही होती. एकदा आमच्या मासिक बैठकीला ती आली नाही, पोरगी बचतीचे पैसे आणि पासबुक घेऊन आली. म्हणाली, आईला ताप आलाय. आम्ही बैठक तिथंच थांबवली आणि सगळ्या तिच्या घरी गेलो. मनगट एवढं सुजलं होतं की बांगड्या आत रुतल्या होत्या. साबण लावून बघितलं, निघेनात, शेवटी वाढवाव्या लागल्या. त्यावर सासूबाई रडल्या. मनगटाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

आम्ही अंगणात बसून राहिलो. भावजी आले. कुणी आरडाओरडा केला नाही. मी एवढंच विचारलं, "भावजी, शेळ्या कुठं आहेत?" शेजारची माणसं भिंतीवरून बघत होती. भावजींनी मान वर केली नाही.

नंतर गटानं ठराव केला. अंतर्गत कर्जातून तिला शेळ्या द्यायच्या, पण रोख रक्कम हातात द्यायची नाही. दोघींनी तिच्याबरोबर बाजारात जाऊन दोन गाभण उस्मानाबादी शेळ्या आणल्या, तिच्या नावावर विमा काढला, कानात बिल्ले मारले. पुढचे बोकड विकून तिनं दोन्ही कर्जं फेडली. त्यानंतर भावजींनी हात उचललेला नाही. तोंड सुटतं अजून, ते खोटं कशाला सांगू.

नणंदेचे मालक, आमचे दाजी, आजही प्रत्येक कार्यात मला ऐकवतात की बचतगटानं बायका शेफारल्या, कर्ज नव्हतं तेव्हा घरात भांडण नव्हतं. दाजी, कर्जाच्या आधीही जाऊ भाजी खारट झाली म्हणून मार खात होती. तेव्हा विचारायला अंगणात कुणी आलं नाही, म्हणून तुम्हाला कळलं नाही. घरातलं चव्हाट्यावर आणलं म्हणता, तर ते चव्हाट्यावर आल्यावरच थांबलं.

दाजींच्या म्हणण्यात काहीच तथ्य नाही असंही नाही. बांगलादेशात टांगाइल भागात, गरीब बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या तिथल्या ग्रामीण बँकेच्या कर्जदार बायकांचा 1990 च्या दशकात अभ्यास झाला, त्यात बहुतेकींनी कर्जानंतर भांडणं आणि दांडगाई वाढल्याचं सांगितलं. हप्ता चुकू नये म्हणून सगळ्या बाजूंनी ताण, आणि पैसा वापरणारा भलताच. उलट दक्षिण आफ्रिकेत लिम्पोपो प्रांतात कर्जाच्या बैठकांमध्येच दहा सत्रं नवरा-बायकोचे संबंध, मारहाण, एचआयव्ही यांवर घेतली. 2006 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा त्या बायकांवरची जोडीदाराची मारहाण निम्म्याहून खाली आली होती. कर्ज तिथंही होतं. पण बायका फक्त हप्ता मोजायला जमत नव्हत्या.

रिझर्व्ह बँकेचा 2022 पासून नियम आहे की घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त हप्ते होऊ नयेत. पण फॉर्मवर उत्पन्न किती लिहिलं हे आमच्याकडं कितीतरी बायकांना माहीतच नसतं. पैसा कुठं गेला हे विचारायला परत कुणी येत नाही.

हेही सांगते की सगळेच नवरे असे नसतात, माझे नाहीत. आणि बायकांनी घरी जाऊन बसणं हा प्रत्येक ठिकाणचा इलाज नाही, नवरा जास्त चिडून रात्री सूड घेऊ शकतो. तिथं 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात त्यांना गाठा. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहण्याचा तिचा हक्क त्या कायद्यात आहे.

तुमच्या प्रश्नावलीत "कर्ज घेतलं का" एवढंच विचारू नका. पैसे खात्यातून काढले तेव्हा बरोबर कोण होतं, शेवटचा हप्ता कुठून भरला आणि आदल्या रात्री घरात काय झालं, हे विचारा. आणि ते सासू, नवरा, वसुलीवाला कुणी जवळ नसताना विचारा, नाहीतर प्रत्येक बाई तुम्हाला "आमच्याकडं सगळं चांगलं आहे" असंच लिहून देईल.