आई-वडिलांना घेऊन पटायाला जावे का? तेथे त्यांना पाहण्यासारखे काय आहे?

आपण प्रश्नाच्या तपशिलात लिहिले आहे की वडिलांनी सत्तरी ओलांडली आहे, आई माळकरी आहे, आणि पटायाचे नाव काढताच नातेवाइकांनी ‘तिथे आई-वडिलांना?’ असे विचारून तोंडे वाकडी केली. खरे सांगायचे तर या शेवटच्या वाक्यामुळेच मी हे उत्तर लिहायला घेतले आहे, कारण हेच वाक्य आमच्या घरात, अगदी याच शब्दांत, आमच्या दाजींनी उच्चारले होते.

आमच्याकडे, म्हणजे कोल्हापूर-सांगली भागात, पटायाची कीर्ती पसरली ती खते, सिमेंट आणि रंग विकणाऱ्या कंपन्यांनी आपल्या विक्रेत्यांसाठी काढलेल्या सहलींमुळे. वर्षभराचे उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या दुकानदाराला कंपनी थायलंडमधले बँकॉक-पटाया फिरवून आणते. परत आल्यावर घरी दाखवायचे फोटो कोरल आयलंड या बेटाचे असतात आणि मित्रांमध्ये सांगायच्या गोष्टी वॉकिंग स्ट्रीट या बारच्या रस्त्याच्या. दाजी अशाच एका सहलीत जाऊन आले होते आणि तेव्हापासून त्या शहराविषयी अंतिम मत देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, अशी त्यांची समजूत झाली होती. जे शहर त्यांनी दुपारी बसच्या काचेतून आणि रात्री एकाच रस्त्यावरून पाहिले, ते घरच्यांना नेण्याच्या लायकीचे नाही, हा निकाल त्यांनी माझ्या वडिलांसमोर दिला आणि वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, दोन दिवस ‘नको रे बाबा’ म्हणत राहिले.

हा लौकिक निराधार आहे असे माझे म्हणणे नाही. पटाया हे मासेमारीचे लहानसे गाव होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात थायलंडमधील तळांवरचे अमेरिकन सैनिक विश्रांतीसाठी तेथे येऊ लागले, जवळच उतापाओचा मोठा हवाई तळ होता, आणि त्या सैनिकांच्या पैशावर बार व हॉटेले उभी राहिली. सैनिक गेले, तरी तो धंदा राहिला. संध्याकाळनंतर बीच रोडवर आपल्यालाही त्याच्या खुणा दिसतील आणि त्या दिसत नाहीत असे सोंग करण्याची गरज नाही. परंतु वृद्ध जोडप्याबरोबर चालणाऱ्या माणसाच्या वाटेला तेथे कोणी जात नाही. आमच्या आईने तो सारा प्रकार एकदा पाहिला, ‘पोटासाठी करतात बिचाऱ्या’ एवढेच म्हटले आणि पुढे भाजलेली मक्याची कणसे विकणाऱ्या बाईकडे तिचे लक्ष गेले.

आता मुख्य गोष्ट. पटायात एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर ‘सँक्च्युअरी ऑफ ट्रुथ’ पाहावे आणि बाकी सर्व सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शहराच्या उत्तरेस नाकलुआ भागात, अगदी समुद्राच्या काठावर, सुमारे 105 मीटर उंचीचा हा प्रासाद उभा आहे आणि तो संपूर्ण लाकडाचा आहे. लेक विरियाफान या थाई उद्योजकाने 1981 मध्ये त्याचे काम सुरू केले. ते 2000 मध्ये वारले, पण काम आजही चालू आहे. बांधकाम चालू असल्यामुळे आत जाताना प्रत्येकाला हेल्मेट घालावे लागते. चार बाजूंच्या चार दालनांमध्ये थाई, ख्मेर (कंबोडियन), चिनी आणि भारतीय परंपरेतील मूर्ती कोरलेल्या आहेत. ब्रह्मा, विष्णू, महेश आणि गणपती तर आहेतच, शिवाय आकाश, पृथ्वी, माता, पिता, चंद्र, सूर्य आणि तारे या सात जन्मदात्यांची कल्पनाही त्या शिल्पांतून मांडली आहे.

अण्णा सुतार आहेत. पंचक्रोशीतील बैलगाड्यांची चाके त्यांनी केली. तुंबा, आरे, पाटे हे चाकाचे सारे भाग बाभळीत घडवून चाकावर लोखंडी धाव चढवेपर्यंतचे काम ते एकहाती करीत. रबरी टायरच्या गाड्या आल्यावर ते काम संपले आणि पुढची वर्षे त्यांनी दारे-खिडक्यांवर काढली. आम्ही एका प्रवासी कंपनीच्या गटाबरोबर गेलो होतो, आणि तिच्या कार्यक्रमपत्रिकेत या प्रासादाचे नावही नव्हते. त्याऐवजी रत्नांच्या एका अवाढव्य दुकानात दोन तासांचा थांबा होता. सहल व्यवस्थापकाला मी विचारले, तेव्हा ‘तिथे नुसते लाकूड आहे, आपल्या लोकांना आवडत नाही’ असे उत्तर मिळाले. गट रत्ने पाहायला उतरला, तेव्हा मी आई-अण्णांना घेऊन टॅक्सीने नाकलुआला गेलो. व्यवस्थापक दिवसभर फुगून बसले, त्याला माझा इलाज नव्हता.

आत शिरल्यावर बहुतेक लोक मान वर करून छताकडे पाहतात. अण्णांनी वर पाहिलेच नाही. ते पहिल्या खांबाजवळ थांबले, चष्मा वर सरकवला आणि जेथे आडवी तुळई खांबात शिरली होती त्या जागेवर अंगठा फिरवू लागले. तेथील मुख्य जोडकाम खिळ्यांवर नाही, तर कुसू (खाचेत बसणारे लाकडाचे टोक), खाचा आणि लाकडी मेखांवर उभे आहे. ‘ह्यात नख शिरंना,’ ते म्हणाले. नंतर त्यांच्या लक्षात आले की शेजारी शेजारी असलेल्या दोन तुकड्यांचा रंग वेगळा आहे, एक राखाडी पडलेला आणि दुसरा ताजा, तांबूस. समुद्राचे खारे वारे, ऊन आणि पाऊस यांमुळे बाहेरचे लाकूड सतत झिजते, म्हणून जुने भाग काढून नवे बसवण्याचे काम तेथे कधी थांबत नाही. एका बाजूचे बांधकाम संपेपर्यंत दुसऱ्या बाजूची दुरुस्ती निघते. मार्गदर्शक मुलगी ही माहिती इंग्रजीत सांगत होती आणि मी ती मराठीत करून देण्याआधीच अण्णांनी ती लाकडावरून वाचली होती.

आवारातच कोरीव काम करणाऱ्यांची जागा आहे. तेथे साधारण पन्नाशीची एक स्त्री, तोंडाला फडके बांधून, एका पाकळीवर पटाशी चालवत होती. अण्णा तिच्या अगदी जवळ जाऊन उकिडवे बसले. तिने एकदा त्यांच्या हातांकडे पाहिले, आखडलेली बोटे आणि डाव्या अंगठ्यावरचा जुना घाव, आणि न विचारताच पटाशी त्यांच्यापुढे धरली. अण्णांनी धार नखावर टेकवून तपासली, मान डोलावली आणि परत दिली. त्यानंतर अण्णा मराठीत आणि ती थाईत, अशी दोघांची बराच वेळ चर्चा झाली. बहुधा ती पटाशीला धार लावण्याच्या दगडाविषयी असावी, कारण तिने पाण्यात ठेवलेला दगड काढून दाखवला. आई शेवटी सावलीत जाऊन बसली.

दाजींना हे सांगितले तेव्हा ‘लाकूड बघायला पाचशे बाट?’ असा त्यांचा प्रश्न होता. होय, आम्ही गेलो तेव्हा तिकीट पाचशे बाटांच्या आसपास होते, आणि ज्या जेट-स्कीवर दाजींनी याहून अधिक पैसे घालवले तिच्या तुलनेत ते मला स्वस्तच वाटले. जेट-स्कीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ती घेऊ नये. परत आणल्यावर ‘हा ओरखडा तुम्हीच पाडला’ असे म्हणून भरपाईसाठी अडवून धरण्याचा प्रकार पटायाच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे गाजत आहे.

बाकीच्या ठिकाणांविषयी थोडक्यात लिहितो. प्रातुम्नाक टेकडीवर वाट फ्रा याई या मंदिरात 18 मीटर उंचीची सोनेरी बुद्धमूर्ती आहे. पायऱ्यांच्या दोन्ही कठड्यांवर सात फण्यांचे नाग आहेत, आणि वर आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी वेगळ्या मुद्रेतील बुद्ध आहेत, बुधवारी सकाळी जन्मलेल्यांचा वेगळा आणि संध्याकाळी जन्मलेल्यांचा वेगळा. आईला ही व्यवस्था फार पटली. शहराबाहेर खाओ ची चान येथे डोंगराच्या सपाट कड्यावर सोनेरी रेषांत बुद्धाची आकृती कोरली आहे. राजे भूमिबोल यांच्या राज्यारोहणाला 50 वर्षे झाली त्या निमित्ताने, 1996 मध्ये, लेझरच्या साहाय्याने ती आखली गेली. ती खालूनच पाहायची असते आणि पंधरा मिनिटे पुरतात, म्हणून जवळच्याच वाट यानसांगवाराराम या मंदिराला जोडून जावे. नोंग नूच ही बाग मोठी आणि खरोखर देखणी आहे. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी आत फिरणारी गाडी मिळते. तेथील हत्तींचे खेळ मात्र मी पाहिले नाहीत आणि आपणही पाहू नयेत, असे मला वाटते.

टिफनीज हा कार्यक्रम 1974 पासून चालू आहे. तृतीयपंथी कलाकारांचा हा नाचगाण्यांचा खेळ आई-वडिलांसमोर बसून पाहता येईल का, ही आपली शंका मी गृहीत धरतो. निःसंकोच पाहता येतो. भरजरी पोशाख, नेपथ्य आणि शिस्त यांमुळे आमच्या आईला संगीत नाटकांचे दिवस आठवले. कार्यक्रमानंतर बाहेर कलाकारांबरोबर फोटो काढल्यास पैसे द्यावे लागतात, एवढे लक्षात ठेवावे.

कोरल आयलंड म्हणजे को लान. सहलीच्या गटांना तेथे स्पीडबोटीने नेतात, वाटेत पॅरासेलिंगच्या तराफ्यावर थांबवतात आणि लाटांवर बोट अशी आदळते की सत्तरीच्या माणसाची कंबर धरलीच पाहिजे. दाजींच्या मते वृद्धांना गटाबरोबर नेणेच सुरक्षित असते. त्यांनी एकदा त्या बोटीत अण्णांच्या शेजारी बसून हे वाक्य म्हणावे. बाली हाय धक्क्यावरून सुटणारी साधी प्रवासी बोट (आम्ही गेलो तेव्हा 30 बाटांत) सुमारे पाऊण तासात, सावकाश आणि सावलीत नेऊन सोडते. तावाएन किनाऱ्यावर गर्दी फार असते, त्यामुळे बेटावरच्या सोंगथेवने, म्हणजे मागे समोरासमोर बाके असलेल्या गाडीने, तिएन किनाऱ्याकडे जावे.

शहरातही बीच रोडवरून उत्तर-दक्षिण आणि सेकंड रोडवरून परत अशा निळ्या सोंगथेव सतत फिरत असतात. हात करून चढावे, उतरायचे तेथे घंटा दाबावी आणि खाली उतरून चालकाला भाडे द्यावे, आम्ही गेलो तेव्हा ते 10 बाट होते. भाडे आधी विचारू नये, कारण विचारले की तो गाडी स्वतंत्र ठरवली असे समजून भलतीच रक्कम सांगतो.

आईच्या जेवणाची चिंता आपल्याला असणारच. दक्षिण पटायात भारतीय खानावळी इतक्या आहेत की उपाशी राहण्याची वेळ येणार नाही. थाई जेवण करायचे असल्यास नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण भाजीतही माशांचा रस घालतात आणि कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत सुकी कोळंबी असते. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरे असलेली ‘जे’ पद्धतीची दुकाने शोधावीत. तेथे मांस-मासेच काय, कांदा-लसूणही वापरत नाहीत, म्हणजे माळकरी माणसाची सोयच झाली. तरीही शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्यावी.

काही गोष्टी राहिल्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथे पाऊस जोराचा असतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. एप्रिलच्या मध्यात सोंगक्रानचे, म्हणजे थाई नववर्षाचे, पाणी उडवणे पटायात इतर ठिकाणांपेक्षा अधिक दिवस, साधारण 19 तारखेपर्यंत, चालते, तेव्हा वृद्धांना नेऊ नये. लाकडी प्रासादात पायऱ्या आणि चढउतार बरेच आहेत. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर माझी वरची सर्व शिफारस त्या प्रमाणात कमी करून वाचावी. व्हिसाचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, ते तिकिटापूर्वी पाहून घ्यावेत.

आणि प्रवासी कंपनीबरोबरच जाणार असाल, तर पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे की रत्नांच्या दुकानातील थांबा आपल्याला ऐच्छिक आहे का आणि त्या वेळेत नाकलुआला जाऊन येण्यास हरकत आहे का. ‘तिथे नुसते लाकूड आहे’ असे उत्तर आले, तर दुसरी कंपनी पाहावी. नातेवाइकांना मात्र काही विचारू नये. विमानतळावरूनच कळवावे.